कार्बनचा बाजार : तराजू कोणाच्या हातात?



मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की हे कार्बन क्रेडिट म्हणजे नेमकं काय, आणि त्यावर विश्वास ठेवायचा की नाही. सुरुवात कुठून करावी हे ठरत नव्हतं. ते एका फोनने ठरवलं.

फोन होता माझ्या जुन्या पलटणीतल्या एका सुभेदार साहेबांचा. निवृत्त होऊन बेळगावजवळ आपल्या गावी शेती करतात. मी इथे महूला, ते तिथे, पण महिन्या-दोन महिन्यांनी बोलणं होतंच. म्हणाले, "साहेब, गावात एक माणूस येऊन गेला. म्हणतो, बांधावर आणि पडीक तुकड्यात झाडं लावा, परदेशातल्या कंपन्या हवेचे पैसे देतात. तीस वर्षांचा करार आहे. कागद इंग्रजीत आहे. सही करू का?"

मी म्हटलं, सही थांबवा, आधी कागदाचे फोटो पाठवा. आणि मग विचारलं, "समजा हे पैसे मिळाले नाहीत, तर झाडं लावणार नाही का?"

ते हसले. "खड्डे तर उन्हाळ्यातच काढून ठेवलेत, साहेब. आंब्याची रोपंही सांगून ठेवलीत."

मंडळी, हे खड्डे लक्षात ठेवा. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कार्बनच्या बाजारात जो घोळ झाला, त्याचं मूळ या खड्ड्यांत आहे.

हा माल वेगळा का आहे?

एक कार्बन क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत जाण्यापासून वाचवला, किंवा तितका हवेतून काढून घेतला, याचा दाखला. दुसरा वायू असेल तर तो कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात मोजतात. ज्याला स्वतःचा धूर कमी करणं महाग पडतं, तो दुसऱ्याकडून हा दाखला विकत घेतो. पृथ्वीला फरक पडत नाही, एक टन सुरतेत वाचला काय किंवा स्टुटगार्टमध्ये वाचला काय. मग जिथे स्वस्त आहे तिथे आधी वाचवा. कल्पना चांगलीच आहे.

अडचण पुढे आहे. तुम्ही मंडईतून गहू आणलात आणि तो किडका निघाला, तर घरी पोळी बिघडते. पुढच्या वेळी त्या दुकानात तुम्ही जात नाही. कार्बनच्या दाखल्यात पोळी कोणाचीच बिघडत नाही. विकणाऱ्याला जास्त टन दाखवले की जास्त पैसे. घेणाऱ्याला स्वस्तात जास्त दाखले मिळाले की त्याचं काम झालं. मधल्या दलालाला दोन्हीकडून दलाली. तपासणाऱ्याला पुढचंही काम याच लोकांकडून हवं असतं. हिशेब फुगला तर नुकसान होतं ते फक्त हवेचं, आणि हवा काही तक्रार घेऊन येत नाही.

म्हणून आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. असा बाजार बांधायचा असेल तर पहिला प्रश्न 'भाव किती' हा नाही. पहिला प्रश्न असा, की माप चुकलं तर इथे कोणाचं नुकसान होतं? उत्तर 'कोणाचंच नाही' असेल, तर तो बाजार कितीही सुंदर सजवा, तो फसणार. आधीच्या योजनांनी आपल्याला हेच शिकवलं आहे.

पहिला धडा : नाहीतर काय झालं असतं?

१९९७ मध्ये क्योटो करार झाला, २००५ मध्ये अमलात आला. श्रीमंत देशांवर धुराची मर्यादा आली, आपल्यासारख्या देशांवर नाही. पण आपल्याकडे प्रकल्प करा, त्यातून वाचलेले टन श्रीमंत देश विकत घेतील, अशी सोय झाली. तिचं नाव क्लीन डेव्हलपमेंट मेकॅनिझम, म्हणजे सीडीएम. साडेसात हजारांहून जास्त प्रकल्प नोंदले गेले, दोनशे कोटींहून जास्त क्रेडिट निघाली. सर्वांत पुढे चीन आणि त्याच्या मागे भारत. आपली दिल्ली मेट्रोसुद्धा त्यात होती, गाडी ब्रेक लावते तेव्हा वीज परत मिळवण्यासाठी. सगळंच वाईट होतं असं मी म्हणत नाही. टन मोजायचा कसा, हे जगाने इथेच शिकून घेतलं.

पण वाचलेला टन मोजताना तुलना कशाशी करायची? प्रकल्प झाला नसता तर काय झालं असतं, त्याच्याशी. याला बेसलाइन म्हणतात. आणि ही बेसलाइन कोणी पाहिलेली नसते, ती कल्पनेत असते. कल्पनेत माणूस स्वतःला हवं ते पाहतो.

आपल्या देशातल्या पवनचक्क्यांचं उदाहरण घ्या. अर्थशास्त्रज्ञांनी सीडीएममधल्या भारतीय पवनऊर्जा प्रकल्पांचा अभ्यास केला. निष्कर्ष असा, की किमान ५२ टक्के क्रेडिट अशा प्रकल्पांना गेली, जे क्रेडिटशिवायही बहुधा उभे राहिलेच असते. पवनचक्की खरी, तिची वीज खरी. पण ती वीज दाखवून युरोपातल्या कारखान्याने तितका जादा धूर सोडला, तर एकूण हिशेबात धूर वाढला.

सुभेदार साहेबांचे खड्डे आठवले? आंबे ते लावणारच होते. त्या आंब्यांवर क्रेडिट दिलं तर हवेला नवीन काही मिळत नाही. परदेशातल्या कंपनीला मात्र धूर सोडायची परवानगी मिळते.

दुसरा धडा : बक्षीस इतकं मोठं ठेवू नका की लोक कचराच तयार करतील

फ्रिज-एसीत वापरला जाणारा एचसीएफसी-२२ हा वायू बनवताना एचएफसी-२३ नावाचा दुसरा वायू फुकटात तयार होतो. त्याचा एक टन म्हणजे, तेव्हाच्या हिशेबात, ११,७०० टन कार्बन डायऑक्साइड. तो जाळून टाकायचा खर्च क्रेडिटमागे एका युरोपेक्षाही कमी, आणि क्रेडिटचा भाव त्याच्या कितीतरी पट. २००७ मध्ये 'नेचर'मध्ये मायकेल वारा यांनी हिशेब मांडला, की ज्या कामाला साधारण १० कोटी युरो पुरले असते, त्यावर ४७० कोटी युरोंची क्रेडिट निघणार होती.

यात चीनचे कारखाने होते, भारताचेही होते. मुख्य मालापेक्षा कचरा जाळण्यात जास्त कमाई, अशी उलटी गंगा वाहू लागली. रशियातल्या काही कारखान्यांबद्दल तर २०१५ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं, की क्रेडिटची सोय झाल्यावर तिथे हा टाकाऊ वायू पूर्वी कधी नव्हता इतका तयार होऊ लागला. जाळायला मिळावा म्हणून!

युरोपने २०१३ च्या मे महिन्यापासून ही क्रेडिट घेणं बंद केलं. आणि भारताने २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये सांगितलं, की आपले उत्पादक हा वायू स्वतःच्या खर्चाने जाळतील. मला हा निर्णय फार महत्त्वाचा वाटतो. जे काम इतकं स्वस्त आहे, त्याला बाजार लागतच नाही. सरळ हुकूम पुरतो.

तिसरा धडा : पुरवठा मोकळा सोडला की भाव पडतो

युरोपने २००५ मध्ये स्वतःचा बाजार सुरू केला. कारखान्यांना धुराचे परवाने दिले, कमी धूर केला तर उरलेले विका. पण परवाने किती द्यायचे हे कारखान्यांच्या अंदाजावर ठरलं, आणि कोण आपला आकडा कमी सांगेल? २००६ च्या एप्रिलमध्ये खरे आकडे बाहेर आले. परवाने धुरापेक्षा जास्त निघाले. तीस युरोंच्या आसपास असलेला भाव काही दिवसांत निम्म्यावर आला, आणि २००७ संपेपर्यंत जवळजवळ शून्यावर. कारण ते परवाने पुढच्या फेरीत नेता येत नव्हते.

सीडीएमचंही तेच झालं. २००८ मध्ये वीस युरोंच्या वर गेलेलं क्रेडिट २०१२ च्या अखेरीस एका युरोखाली होतं. मंदीमुळे मागणी आटली आणि पुरवठ्याला लगाम नव्हता. आपल्याकडे ज्या लहान उद्योजकांनी या उत्पन्नाच्या भरवशावर कर्ज काढून बायोमास किंवा छोट्या जलविद्युतचे प्रकल्प केले, त्यांचं गणित कोसळलं. म्हणजे बघा, ज्यांनी खरोखर या पैशावरच प्रकल्प उभा केला, तेच बुडाले. ज्यांना या पैशाची गरज नव्हती, त्यांचं काही बिघडलं नाही.

युरोपने नंतर दुरुस्ती केली. २०१९ पासून जादा परवाने बाजारातून काढून राखीव ठेवायची व्यवस्था सुरू झाली, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत भाव शंभर युरोंना टेकला. आपल्याकडेही धडा मिळालेला आहे. ऊर्जाबचतीच्या 'पॅट' योजनेच्या पहिल्या फेरीत, २०१२ ते २०१५, कारखान्यांनी ठरल्यापेक्षा जास्त बचत केली. २०१७ मध्ये प्रमाणपत्रांची खरेदी-विक्री सुरू झाली तेव्हा विकणारे फार, घेणारे थोडे. उद्दिष्ट सोपं ठेवलं की असं होतं.

चौथा धडा : मोजणारा दुसऱ्या कंपनीचा असावा

इथे मी माझा अनुभव सांगतो. सेवेच्या उत्तरार्धात काही काळ मी प्रादेशिक सेनेच्या एका पर्यावरण पलटणीत होतो. उघड्या डोंगरांवर झाडं लावणं हेच आमचं काम. पावसाळ्यानंतर प्रत्येक कंपनी जगलेल्या रोपांची गणती द्यायची. आकडा नेहमी नव्वदच्या वर. एका वर्षी मी इतकंच केलं, की एका कंपनीच्या डोंगराची गणती दुसऱ्या कंपनीला करायला लावली. आकडा सत्तरच्या घरात आला.

आमची पोरं खोटं बोलत नव्हती. पाठीवर रोपं घेऊन त्यांनीच डोंगर चढला होता. स्वतःच्या हाताने लावलेलं रोप वाळलेलं असलं तरी, 'खालून फूट येईल साहेब,' असं त्यांना मनापासून वाटायचं. दुसऱ्या कंपनीच्या जवानाला तसं वाटत नाही. पुढच्या वर्षी रोपं जास्त जगली, कारण पाणी घालायला लोक जास्त वेळा डोंगरावर गेले.

हीच गोष्ट गुजरातमध्ये शास्त्रशुद्ध पद्धतीने तपासली गेली. तिथे प्रदूषणाचा ऑडिटर कारखानाच नेमायचा आणि पैसेही तोच द्यायचा. आकडे यायचे मर्यादेच्या अगदी थोडे खाली. एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी काही कारखान्यांसाठी पद्धत बदलली. ऑडिटर चिठ्ठी काढून ठरायचा, पैसे सामाईक निधीतून ठरलेल्या दराने मिळायचे, आणि काही ठिकाणी दुसरा माणूस जाऊन पुन्हा मोजायचा. ऑडिटर खरं लिहू लागले. आणि कारखान्यांनी धूर कमी केला. कायदा जुनाच होता, फक्त मोजणाऱ्याचा पगार कोण देतो हे बदललं.

त्याच गुजरातमध्ये, सुरतेत, २०१९ पासून धुरातल्या कणांचा बाजार चालवून पाहिला. तीनशेहून अधिक कारखाने, चिमणीवर सतत चालणारं मोजयंत्र. बाजारातल्या कारखान्यांनी इतरांच्या तुलनेत कणांचं प्रदूषण २० ते ३० टक्के कमी केलं. अमेरिकेत १९९५ पासून गंधकाच्या धुराचा बाजार चालला तोही अशाच पायावर. चिमणीवर यंत्र, आणि परवान्यापेक्षा जास्त धूर सोडला तर टनामागे दोन हजार डॉलर दंड, शिवाय तेवढे परवाने पुढच्या वर्षी वजा. सुनावणी नाही, रदबदली नाही. जिथे मोजता येतं आणि दंड आपोआप बसतो, तिथे बाजार चालतो.

जंगलाच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. आज मोजलेलं झाड उद्या जळू शकतं. कॅलिफोर्नियाच्या योजनेत आगीसाठी शंभर वर्षं पुरेल म्हणून राखीव क्रेडिट बाजूला ठेवली होती. २०२२ मधल्या अभ्यासानुसार, दहा वर्षं व्हायच्या आतच त्यातली किमान ९५ टक्के वणव्यांनी खाल्ली.

पाचवा धडा : प्रत्येक क्रेडिटला नंबर, आणि वही एकच

फौजेत कोत असते, म्हणजे शस्त्रागार. प्रत्येक रायफलला नंबर. सही करून घ्यायची, सही करून परत द्यायची. संध्याकाळी एक रायफल कमी भरली तर कोणी जेवत नाही. कार्बनच्या कोतीत सुरुवातीला ही शिस्त नव्हती. २०१० मध्ये हंगेरीत कंपन्यांनी वापरून सरकारजमा केलेली क्रेडिट सरकारने पुन्हा विकली. क्योटोच्या नियमात ते बसत होतं. ती फिरत फिरत युरोपच्या बाजारात परत आली आणि पॅरिसच्या एक्स्चेंजला त्यांचा व्यवहार थांबवावा लागला. त्याआधी परवान्यांवरच्या मूल्यवर्धित कराची अफरातफर झाली होती, युरोपोलच्या अंदाजाने सुमारे पाचशे कोटी युरोंची. २०११ च्या जानेवारीत तर संगणकातून परवानेच चोरीला गेले.

मग आता नवीन बाजार कसा बांधलाय?

२०१५ च्या पॅरिस करारात कलम ६ आहे. त्याचे मुख्य नियम २०२१ मध्ये ग्लासगोला ठरले, उरलेले बहुतेक २०२४ मध्ये बाकूला. महत्त्वाचा बदल असा. आता प्रत्येक देशाचं स्वतःचं उद्दिष्ट आहे. भारताने एक टन वाचवून स्वित्झर्लंडला विकला, तर तो टन भारताच्या वहीतून वजा होऊन त्यांच्या वहीत जमा होतो. दोघांनी एकच टन आपल्या नावावर दाखवायचा नाही. बँकेच्या पासबुकासारखं. असा पहिला व्यवहार २०२४ च्या सुरुवातीला जाहीर झाला. बँकॉकच्या विजेवर चालणाऱ्या बसगाड्यांतून वाचलेले १,९१६ टन थायलंडने स्वित्झर्लंडला दिले.

यातली खुबी लक्षात आली का? आता खोटा टन विकला तर विकणाऱ्या देशाला भुर्दंड आहे. न वाचवलेला टन वहीतून वजा होतो, आणि तो दुसरीकडून खरोखर वाचवून भरून काढावा लागतो. पोळी बिघडायला शेवटी कोणीतरी सापडलं!

पण एक अट आहे. विकणाऱ्या देशाचं स्वतःचं उद्दिष्ट कडक पाहिजे. क्योटोमध्ये रशिया आणि युक्रेनलाही मर्यादा होती, पण इतकी सैल, की सोव्हिएत काळातले कारखाने बंद पडल्यावर त्यांच्याकडे परवान्यांचे ढीग उरले. त्यांच्या वहीतून कितीही वजा केलं तरी त्यांना काही वाटत नव्हतं. तिथून निघालेल्या क्रेडिटचा ज्यात मोठा वाटा होता, त्या योजनेबद्दल स्टॉकहोमच्या पर्यावरण संस्थेने २०१५ मध्ये निष्कर्ष काढला, की साधारण तीन चतुर्थांश क्रेडिटमागे बहुधा खरी वाढीव कपात नव्हती.

संयुक्त राष्ट्रांच्या नव्या यंत्रणेत बेसलाइन 'नेहमीप्रमाणे चाललं असतं तर' याच्या खाली ठेवायची आहे. पाच टक्के क्रेडिट हवामानबदल सोसणाऱ्या देशांच्या निधीला, आणि दोन टक्के सरळ रद्द. हे चांगलं झालं. मात्र २०१३ पासून नोंदलेल्या सीडीएम प्रकल्पांची जुनी क्रेडिटही पहिल्या उद्दिष्टासाठी वापरता येतील अशी फट ठेवली आहे. ती आपल्यालाही हवी होती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. आणि प्रकल्पाचा तपासनीस अजूनही बहुतेक ठिकाणी प्रकल्पवाल्याच्याच पैशावर जगतो. गुजरातचा धडा गुजरातमध्येच राहिला.

भारताने २०२२ मध्ये कायदा दुरुस्त केला, २०२३ मध्ये स्वतःची कार्बन क्रेडिट योजना जाहीर केली. परदेशाला काय विकायचं हेही आपल्याला जपून ठरवावं लागेल. स्वस्तातली कपात विकून टाकली, तर आपलं उद्दिष्ट गाठायला महागडी कपात उरेल.

सुभेदार साहेबांना मी काय सांगितलं

त्यांनी पाठवलेले कागद मी दोनदा वाचले. मग त्यांना पाच प्रश्न लिहून दिले. झाडं आणि क्रेडिट यांची मालकी कोणाची? तीस वर्षांत मुलाला जमीन विकायची किंवा पीक बदलायचं झालं तर? दुष्काळात झाडं वाळली तर भरपाई कोणी कोणाला द्यायची? माझा वाटा कोणत्या रकमेवर, आणि आधी कोणकोणता खर्च कापून? झाडं मोजायला येणारा कोणाचा माणूस? उत्तरं लेखी आणि मराठीत मागा, असं सांगितलं. तुमच्याकडे असा करार आला तर तुम्हीही हेच विचारा.

आणि अवघड गोष्टही सांगितली. "आंब्यासाठी खड्डे आधीच काढलेत, त्यावर तुम्ही पैसे घेऊ नका. जो पडीक तुकडा तुम्ही एरवी तसाच ठेवला असता, तिथे झाडं लावलीत तर तो हिशेब खरा."

ते जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पण साहेब, तो माणूस तर म्हणाला, आंबेही धरू, कोण बघायला येतंय?"

मी म्हटलं, "म्हणूनच."

आंबे त्यांनी लावले, स्वतःच्या पैशाने. पडीक तुकड्याचं अजून ठरलेलं नाही. तो माणूस मराठीतले कागद घेऊन येणार आहे म्हणे. आला की कळवतील, आणि मी तुम्हाला सांगेन.

आज इतकंच. प्रश्न असतील तर जरूर पाठवा, पुढच्या भागात घेऊ.

जय हिंद.